धागा: मेटल प्रिंटर घेऊन विमानाचे पार्ट करायचे म्हणतोय. सर्टिफिकेट नक्की कशाला मिळतं?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. बेळगावात तिसऱ्या गेटाच्या पुढं आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक सीएनसी लेथ, एक वायरकट (तारेच्या ठिणगीनं धातू कापणारं मशीन). बाबांच्या काळातलं कॅपस्टन अजून कोपऱ्यात आहे, विकवत नाही. पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट जॉबवर्कवर करतो.

धाकटा भाऊ मेकॅनिकल करून आलाय. बेंगळुरात एक प्रदर्शन बघून आला तेव्हापासून डोक्यात एकच, मेटल थ्रीडी प्रिंटर. विकणारा म्हणतो मशीन 'एरोस्पेस ग्रेड' आहे, सर्टिफिकेट सोबत येतं. किंमत कोटींच्या घरात, म्हणजे वरचा मजला बँकेकडं. हत्तरगीला हायवेच्या कडेला विमानाचे पार्ट होतात हे रोज जाता-येता दिसतं, त्यामुळं 'आपण का नाही' हा त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

मला एवढंच कळायला हवंय: सर्टिफिकेट मशीनला मिळतं की पार्टला? देतं कोण? 'नको रे बाबा ह्या भानगडीत' एवढंच लिहिणार असाल तर ते घरी रोज ऐकतोय.

कुंदा_अर्धा_किलो
पहिला प्रतिसाद माझा. कळत काही नाही, पण वाचणार.

खानापूरचा_बेंगळुरात
ह्याच कामात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

विकणारा जे सर्टिफिकेट म्हणतो ते मशीन ठरलेल्या मोजमापात चालतं एवढं सांगणारा कागद. त्याचा विमानाशी संबंध नाही. सुटं मशीन, सुटी पावडर, सुटा पार्ट ह्यांना कुणी 'उडायला योग्य' म्हणून शिक्का मारत नाही. मंजुरी मिळते डिझाइनला, आणि त्या डिझाइनमध्ये पार्ट कुठल्या पद्धतीनं होणार हे बांधलेलं असतं. अर्ज करतो डिझाइनचा मालक, म्हणजे विमान किंवा इंजिन बनवणारी कंपनी. आपल्याकडं नागरी विमानांचं डीजीसीए बघतं. लष्करी असेल तर डीआरडीओखालचं बेंगळुरूचं सेमिलॅक, आणि मालाच्या गुणवत्तेवर डीजीएक्यूए. तुम्ही ह्या साखळीत शेवटच्या कडीला, मंजूर व्हेंडर म्हणून.

अमेरिकेच्या नियमात २५.६०५ असं एक कलम आहे, मोठ्या विमानांसाठी. प्रिंटरचा जन्म व्हायच्या आधीचं. त्याचा अर्थ असा की बनवायची पद्धत दरवेळी सारखाच निर्दोष माल देणारी हवी. ज्या कामात बारीक नियंत्रण लागतं ते मंजूर प्रोसेस स्पेसिफिकेशनप्रमाणेच करायचं, आणि पद्धत नवी असेल तर आधी चाचण्यांनी सिद्ध करायची. म्हणजे प्रिंटिंगसाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही, जुन्याच कायद्यात बसवून दाखवावं लागतं. नव्यानं आली ती मानकं: पावडरला एएमएस ७००१ सारखी, लेझर पावडर बेडच्या पद्धतीला (पावडरचा पातळ थर पसरायचा, लेझरनं वितळवायचा, त्यावर पुढचा थर) एएमएस ७००३, आणि अंतराळासाठी नासाचं ६०३०, जे २०२१ मध्ये आलं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सर्टिफिकेट पार्टला नाही, मशीनलाही नाही. मंजूर होते ती रीत. कुठली पावडर, किती वेळा वापरलेली, किती मायक्रॉनचा थर, लेझर किती वॅट, कुठल्या वेगानं, आर्गॉनचा झोत किती, प्लेटवर पार्ट कुठल्या कोनात, नंतर कुठल्या भट्टीत किती तास. एकदा मंजूर झालं की गोठलं. त्यातलं काहीही हललं तर आधी विचारायचं.

उद्यमबागकर
दादा, हे समजलं. पण आम्ही पट्टीचा माल आणतो, त्याबरोबर टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) येतो, आम्ही कापतो, सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) माप घेतो, विषय संपला. इथं एवढं कशाला? पावडरचाही टीसी असेलच की.

ओतारीकाका
ह्याचं उत्तर मला देऊ दे. ३४ वर्षं फौंड्रीत काढली, त्यातली १९ भट्टीसमोर. अनगोळात आता नातवंडं सांभाळतो.

बाळा, तू पट्टी कापतोस तेव्हा धातू आधीच तयार झालेला असतो. मिलवाल्यानं वितळवला, लाटला, तपासला, टीसी दिला. तू फक्त आकार देतोस. तुझ्या हातून माप चुकेल, धातू बिघडणार नाही. आमच्या फौंड्रीत तसं नव्हतं. आकार आणि धातू दोन्ही एकाच वेळी जन्माला यायचे. पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) टीसी कितीही चोख असला तरी कास्टिंगमध्ये ब्लो होल (गॅसची पोकळी) यायचं ते येतंच. म्हणून प्रत्येक हीटला (एका वेळच्या वितळवलेल्या धातूला) नंबर, प्रत्येक हीटचा टेस्ट बार (ओढून ताकद तपासायचा नमुना). हा प्रिंटर म्हणजे तीच गोष्ट: पावडर ही पिग, धातू तुझ्या शेडमध्ये बनणार. ४० मायक्रॉनचा थर धर, १०० मिलिमीटर उंचीच्या पार्टला अडीच हजार वेळा. म्हणजे अडीच हजार वेळा ओतकाम. कच्च्या मालाचा टीसी दाखवून पक्क्या मालाची जबाबदारी झटकता येत नाही.

विमानवाले ओतकामाला पहिल्यापासून वचकून असतात. त्यांच्या नियमात 'कास्टिंग फॅक्टर' म्हणून आहे. फार महत्त्वाचं नसलेलं कास्टिंग नुसतं डोळ्यांनी तपासून लावायचं असेल, तर हिशेबापेक्षा दुप्पट ताकदीचं करायचं. म्हणजे वजन वाढलं. वजन नको असेल तर एक्स-रे काढा, पेनेट्रंट (बारीक फटी दाखवणारा रंग) लावा, मग १.२५ वर भागवता येतं. आमच्या मालकांना हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, 'म्हणजे आपल्या धंद्यावर विश्वास नाही ह्यांचा.' नाहीच. आणि का असावा? टेस्ट बार कसे ओतले जायचे ते मी बघितलंय.

खानापूरचा_बेंगळुरात
काका, ते टेस्ट बारचं सविस्तर लिहा की. प्रिंटिंगमध्ये हुबेहूब तोच प्रकार आहे.

ओतारीकाका
लिहितो, कुणाचं नाव घेत नाही. हीटच्या मधल्या लॅडलमधला (ओतायच्या भांड्यातला), छान तापलेला, नीट इनॉक्युलेट झालेला (सुधारक पूड घातलेला) धातू घ्यायचा आणि टेस्ट बार त्याचा ओतायचा. शेवटच्या लॅडलला धातू गार झालेला, त्यात गिऱ्हाईकाचा माल. बार मशीनवर ओढला की आकडा झकास. माल मात्र बारचा भाऊ नव्हे, लांबचा चुलत भाऊ.

खानापूरचा_बेंगळुरात
बरोब्बर. प्रिंटरमध्ये प्लेटवरून आर्गॉनचा झोत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहतो. वितळताना उडालेले कण आणि धूर तो झोत वाहून नेतो, आणि झोताच्या खालच्या अंगाला हे कण पडायची शक्यता जास्त. तिथं पुढच्या थराला लेझर पुरेसं खोल पोचत नाही, दोन थर नीट चिकटत नाहीत. ह्याला लॅक ऑफ फ्यूजन म्हणतात. ती गोल पोकळी नसते, चपटी, धारदार फट असते. ताण आला की तडा तिथूनच सुरू.

आता एखाद्यानं कूपन (पार्टबरोबरच छापलेला तपासणीचा नमुना) प्लेटच्या छान जागी ठेवली आणि पार्ट झोताच्या शेपटीला, तर काकांची लॅडल झाली. म्हणून कूपन कुठं ठेवायची हेसुद्धा गोठवलेल्या रीतीत लिहिलेलं असतं, प्लेटच्या कोपऱ्यांसकट.

शहापूरची_लेक
मी एका कंपनीत क्वालिटीत आहे, नाव विचारू नका. कूपनवरून आमच्याकडं घडलेलं सांगते.

एका बिल्डबरोबर (एका प्लेटवरच्या छपाईबरोबर) ३६ टेन्साइल बार, म्हणजे ओढून तपासायच्या कूपन, होते. काही उभे, काही आडवे, काही ४५ अंशात. कारण थरांच्या दिशेनं ओढलं आणि थरांना आडवं ओढलं तर आकडे सारखे येत नाहीत. प्रत्येकाची प्लेटवरची जागा नकाशात होती. प्लेट भट्टीतून आली, वायरकटला गेली. ऑपरेटर चांगला मुलगा, कामाला चोख. त्यानं सगळे बार कापले, स्वच्छ पुसले आणि एका ट्रेमध्ये व्यवस्थित रचून ठेवले. नंबर पार्टवर नव्हते, प्लेटवर होते. सगळे एका मापाचे, एका वजनाचे. कुठला कोपऱ्यातला, कुठला मधला, देवाला ठाऊक.

बार उत्तम होते. ओढले असते तर पासही झाले असते. पण ३६ च्या ३६ निरुपयोगी, आणि त्यांच्याबरोबर पार्टसुद्धा, कारण त्या पार्टचा साक्षीदारच उरला नाही. त्या मुलाला तीन वेळा समजावलं तरी त्याचा प्रश्न तोच, 'मॅडम, माल तर चांगला आहे ना?' त्याचं चुकतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याला सांगितलं नव्हतं, चूक आमची. त्यानंतर नंबर बारच्या टोकावरच प्रिंट करायला लागलो.

भाऊ, तुमचा वायरकट आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

सीमेवरचा_निपाणकर
एवढं सगळं असेल तर इस्रो कसं करतं मग? पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन प्रिंट करून चालवलं की. १४ भागांचा एक भाग केला, १९ वेल्ड गेले. फोर्जिंग आणि पत्रा मिळून ५६५ किलो लागायचं तिथं १३.७ किलो पावडर. ९ मे २०२४ ला महेंद्रगिरीला ६६५ सेकंद चाललं. त्याच महिन्यात ३० तारखेला अग्निकुल ह्या खासगी कंपनीनं श्रीहरिकोट्याहून अखंड छापलेल्या इंजिनावर रॉकेट सोडलं. आपल्या लोकांना फक्त भीती घालायची सवय.

खानापूरचा_बेंगळुरात
आकडे बरोबर आहेत आणि अभिमानाचे आहेत. पण रॉकेटचं इंजिन काही मिनिटं जळतं, आत प्रवासी नसतो, आणि बनवणारा, तपासणारा, उडवणारा बहुतेक एकाच छपराखाली असतो. विमानाचा पार्ट वीस-पंचवीस वर्षं रोज चढतो-उतरतो. तिथं एकदा किती ताकद लागली ह्यापेक्षा लाखो वेळा वाकून काय होतं हा प्रश्न मोठा. थकव्यानं जाणारा तडा सगळ्यात वाईट जागा शोधतो, सरासरी जागा नाही.

ओतारीकाका
१९८९ सालचं अमेरिकेतलं सू सिटीचं विमान वाचा कुणीतरी. शेपटीच्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क फुटली, शंभराहून जास्त माणसं गेली. टायटॅनियम वितळवतानाच आत एक कठीण डाग राहिला होता. तिथून तडा गेला आणि तपासणीत तो हुकला. तिथं प्रिंटर नव्हता, जुनीच पद्धत होती, मोठ्या नावाच्या लोकांची. त्यानंतर टायटॅनियमच्या वितळवण्याकडं सगळे दहादा बघायला लागले.

धाकटा_उद्यमबागकर
दादा, धागा काढायच्या आधी निदान सांगायचं होतंस. मित्रानं लिंक पाठवली तेव्हा कळलं. तिकडं जेवताना समोर बसतोस.

असो. काका, ताई, तुम्ही म्हणता ते मान्य. पण अशक्य नाही ना? इंजिनं बनवणाऱ्या जीईचा लीप इंजिनाचा फ्युएल नोझल, २० तुकड्यांचा एक झाला, वजन पाव भागानं कमी, २०१६ पासून प्रवासी विमानांत उडतोय. नॉर्स्क टायटॅनियम कंपनीचा छापील पार्ट २०१७ पासून बोइंग ७८७ मध्ये आहे. कुणीतरी पहिलं पाऊल टाकलंच ना?

खानापूरचा_बेंगळुरात
टाकलं, आणि कसं टाकलं ते बघ. नोझल हा जीईचा एफएएनं (अमेरिकेच्या विमान नियामकानं) मंजूर केलेला पहिला छापील पार्ट नव्हता. पहिला होता २०१५ सालचा टी२५ सेन्सरचा डबा. मुठीएवढा. आत तापमान-दाबाचा सेन्सर, बाहेर कोबाल्ट-क्रोमचं कवच. जीई९०-९४बी ची चारशेहून जास्त इंजिनं होती, त्यांत बसवायला. ज्यांच्याकडं पैसा, प्रयोगशाळा, डिझाइनची मालकी सगळं होतं, त्यांनीसुद्धा सुरुवात डब्यापासून केली. नॉर्स्कचंही तेच, गॅलीच्या (विमानातल्या खाण्यापिण्याच्या कट्ट्याच्या) भागातलं फिटिंग.

नासाच्या मानकात पार्टचे अ, ब, क असे वर्ग पाडतात, मोडला तर काय होईल ह्यावरून. तू 'क'चा दरवाजा शोध. आणि तोही तुझ्या नावानं उघडत नाही, डिझाइनवाल्यानं तुला आत घ्यावं लागतं.

गणिताचे_सर_वडगाव
विषय माझा नाही, पण एक विचारतो. एका पावडरच्या एका रीतीला किती बार ओढावे लागतात? ३६ म्हणजे फार वाटले मला.

शहापूरची_लेक
सर, ३६ फक्त त्या एका बिल्डची साक्ष. डिझाइनला वापरायचा आकडा ठरवणं हे वेगळं काम. त्याला ए-बेसिस म्हणतात: शंभरातले किमान ९९ बार ह्या आकड्याच्या वर असतील, अशी ९५ टक्के खात्री.

गणिताचे_सर_वडगाव
मग हे तर पोरांना देण्यासारखं गणित आहे. वितरणाबद्दल काहीच गृहीत धरायचं नाही, आणि सगळ्यात कमजोर बारचा आकडाच घ्यायचा म्हटलं, तर किती बार हवेत? ०.९९ चा एन-वा घात ०.०५ च्या खाली जायला हवा. कॅल्क्युलेटरवर केलं: २९९. शंभरातले ९० एवढंच म्हणायचं असेल तर २९ पुरतात. ९० वरून ९९ वर जायला दहापट बार. खात्री महाग असते म्हणतात ती अशी.

शहापूरची_लेक
सर, एकदम बरोबर. वितरणाचा आकार माहीत असेल तर कमी बारांत भागतं, पण तेही शेकड्यातच, आणि वेगवेगळ्या पावडर लॉटचे, वेगवेगळ्या बिल्डचे. प्रत्येक बार प्रिंट करा, भट्टीत घाला, कापा, टर्न करा, ओढा. थकव्याच्या चाचण्या ह्याच्या वर. एकेक बार दिवसच्या दिवस मशीनवर असतो. हा खर्च मशीनच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.

उद्यमबागकर
हे मात्र पोटात गोळा आणणारं आहे.

कुंदा_अर्धा_किलो
मला एक शंका. समजा घेतलं मशीन, सगळं पास झालं. आणि मग दादांनी शेड उद्यमबागेतून मच्छेला हलवली?

खानापूरचा_बेंगळुरात
हसू नका, चांगला प्रश्न आहे. मशीन हललं की पुन्हा पात्रता सिद्ध करायची. लेझरचं अलाइनमेंट, गॅसचा झोत, प्लेटची पातळी, आणि पुन्हा कूपन. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं, लेझर बदलला, तरी आधी विचार. बिल्ड चालू असताना रात्री लाईट गेली, तर तो थर गार होतो, आकसतो, पुन्हा सुरू केल्यावर तिथं रेघ राहू शकते. थांबलेला बिल्ड पुढं चालवायचा की भंगारात टाकायचा हे ऑपरेटरनं ठरवायचं नसतं, आधीच लिहिलेलं असतं. बऱ्याचदा भंगारच.

सीमेवरचा_निपाणकर
लाईटचा मुद्दा आला म्हणजे आमचा भाग बाद 😀

शहापूरची_लेक
जागेवरून आठवलं. आमच्याकडं ऑडिटर आला होता, परदेशी. कॅलिब्रेशनचे जुने कागद 'बेळगाव', नवे 'बेळगावी'. २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं हे त्याला कुणी सांगावं? त्यानं लिहून ठेवलं, दोन वेगळ्या ठिकाणच्या लॅब दिसतात, खुलासा द्या. आमचे साहेब एकदम पेटले, सीमाप्रश्न समजावून सांगायला उठले. मी हळूच सरकारी अधिसूचनेची प्रत काढून दिली. विषय मिटला, नाहीतर दुपारचं जेवण गेलं असतं.

ओतारीकाका
😂 साहेबांना माझा नमस्कार सांगा.

धाकटा_उद्यमबागकर
ठीक आहे. मग आम्ही काय करायचं, पंपाच्या शाफ्टला आयुष्य काढायचं?

खानापूरचा_बेंगळुरात
रागावू नकोस. छापून झालेला पार्ट तसाच विमानाला लागत नाही. प्लेटसकट भट्टीत ताण काढायचा, मग वायरकटवर प्लेटपासून सोडवायचा. टायटॅनियम असेल तर हिप, म्हणजे उष्णता आणि चहूबाजूंनी दाब एकत्र: सुमारे ९२० अंश, हजार वातावरणांएवढा आर्गॉनचा दाब, दोन-तीन तास. आतल्या पोकळ्या दबून मिटतात, पण पृष्ठभागाला उघडलेली फट मिटत नाही, कारण तिच्यात गॅसच शिरतो. मग सपोर्ट काढा, जिथं बसायचं तिथं मशीनिंग करा, भोकं रीम करा, सीएमएम, पेनेट्रंट, सीटी स्कॅन. छापायच्या वेळेइतकीच मेहनत छापल्यानंतर.

ह्यातलं मशीनिंग आणि वायरकट तुमच्याकडं आज आहे. आणि छापील पार्ट पकडणं हे खरं कौशल्य. सरळ कडा नाही, समांतर बाजू नाही, खडबडीत पृष्ठभाग, आणि भिंती पातळ. व्हाइसमध्ये धरला की वाकला. चांगलं फिक्श्चर (पार्ट न वाकवता धरणारी पकड) करून देणारा माणूस बेंगळुरातसुद्धा शोधावा लागतो. बेळगावात फिक्श्चर करणारे हात आहेत हे तुला सांगायला नको.

शहापूरची_लेक
त्यासाठीसुद्धा आधी एएस ९१०० (विमान उद्योगाचं क्वालिटीचं मानक) हवं, आणि पहिल्या पार्टची एएस ९१०२ प्रमाणं तपासणी, ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप नंबर घालून. पण हे मशीन शॉपला जमण्यासारखं आहे. कर्ज काढून शिकायची गरज नाही.

ओतारीकाका
धाकट्या, एक ऐक. तुला प्रिंटरच शिकायचा असेल तर विमान बाजूला ठेव. आमच्या फौंड्रीवाल्यांना पॅटर्न (साच्याचे नमुने) आणि कोअर (साच्यातले गाभे) लागतात, रेझिनचे नाहीतर वाळूचे छापून मिळतात. तिथं चुकलास तर एक कास्टिंग जाईल, वर्षभराचं कर्ज नाही. आणि थर म्हणजे काय असतं ते हाताला कळेल. मी येतो बघायला, चहा पाजशील तर.

धाकटा_उद्यमबागकर
काका, या. चहा दादा पाजेल, धागा त्यानंच काढलाय.

उद्यमबागकर
पाजतो की. कोटेशनवाल्याला सध्या थांबायला सांगितलंय. भाऊ आता काय करूलालाय तर एएस ९१०० ची फाईल डाऊनलोड करून प्रिंट काढूलालाय, कागदावरचं प्रिंटिंग 😀

खानापूरकर, एक शेवटचं. तुमच्याकडची प्लेट साधारण केवढी असते? आमच्या वायरकटचा झेड (कापायची उंची) २०० मिलिमीटर आहे.

खानापूरचा_बेंगळुरात
२५० बाय २५०. प्लेट उभी धरून कापतात, म्हणजे तार २५० पार जायला हवी. २०० मध्ये बसणार नाही. शेजारी कुणाचा मोठा आहे का बघा.

तिसरं_गेट_वायरकट
एवढा वेळ गप्प वाचत होतो. आमचा झेड ४०० आहे, तुमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून. सकाळी दहानंतर या. आणि ताईंनी सांगितलेलं लक्षात आहे: बार कापले की ट्रेमध्ये नाही, एकेक पिशवीत नंबर घालून.